एका कानाची भरपाई

खिळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे बारकी म्हणत. कामाला लागली तेव्हा अंगानं काडीसारखी होती, त्यावरून पडलेलं नाव. पुढे लग्न झालं, लेक झाली, अंग भरलं, केस पिकले, तरी नाव तेवढंच राहिलं. तिच्या शेजारच्या मशीनवर एक बाई होती, तिच्याहून वयानं बरीच मोठी आणि कामावर आधीपासून. म्हणून ती थोरली. नव्यानं येणाऱ्या बायकांना वाटे, या दोघी सख्ख्या बहिणी असाव्यात, नाहीतर जावा. नातं कसलंच नव्हतं. पण कोणी विचारलं तर दोघींपैकी एकीनंही कधी नाही म्हटलं नाही.

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. मशीनच्या एका अंगानं तारेचं भेंडोळं आत जायचं, आत ठोका पडायचा आणि दुसऱ्या अंगानं खिळा बाहेर. एक ठोका पडला तरी माणूस दचकेल असा, आणि तिथे पापणी लवेपर्यंत ते कितीतरी पडत. अशी मशीनं ओळीनं मांडलेली. भिंतीशी मोठाली पिंपं फिरत, त्यांत भुशाबरोबर खिळे घुसळून चकचकीत व्हायचे. वर पत्रा, त्यामुळे आवाजाला बाहेर जायला वाट नाही. पहिल्या दिवशी बारकी घरी गेली ती आईशी भांडल्यासारखी बोलत होती, आणि आईनं तोंडावर हात ठेवेपर्यंत तिला ते कळलंच नाही.

या आवाजात बोलायचं कसं, ते तिला थोरलीनं शिकवलं. तिथल्या जुन्या बायका आवाज काढतच नसत. नुसते ओठ हलवायचे, जरा सावकाश आणि ठसठशीत, आणि समोरचीनं डोळ्यांनी ऐकायचं. बारकी महिन्याभरात शिकली आणि वर्षभरात इतकी तरबेज झाली, की शेडच्या या टोकाला कोणाच्या सासूचा विषय निघाला तर त्या टोकाला उभी राहून ती हसायची. मुकादम समोर उभा असताना त्याच्याच टकलावर दोघींचं सविस्तर बोलणं चाले आणि दोघींची नजर वर गेलेली पाहून तो बिचारा टांगलेला पंखा सरळ आहे ना ते बघत राही.

लोक गुपित सांगायला आडोसा शोधतात. या दोघी भर शेडमध्ये, शंभर माणसांत, एकमेकींना मनातलं सांगत. थोरलीचा नवरा घर सोडून गेला ते बारकीला असंच कळलं. लहानपणी तळ्यात पोहताना आपल्या उजव्या कानात पाणी गेलं होतं आणि तो बरेच दिवस वाहत होता, हे बारकीनं तिला असंच सांगितलं. कान नंतर पुरता बरा झाला होता, पण लग्न ठरताना आईनं बजावलं होतं की सासरी याची वाच्यता करायची नाही. तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. थोरली तेव्हा हसली होती आणि ओठांनीच म्हणाली होती, "माझ्या पोटात राहील."

बारकीचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आळीत त्याला पेंटर म्हणत. माणूस शांत, बोलणं कमी, मिशी मात्र झुपकेदार, आणि तिच्यावर त्याचा भारी जीव. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एक दिवस बारकीनं त्याला मिशी काढायला सांगितली. त्याला आधी वाटलं, बायकोला आपण तरुण दिसायला हवे आहोत. तो आरशासमोर उभा राहून थोडा खूषही झाला. मग ती म्हणाली, "अहो, त्या जंगलात तुमचे ओठ दिसत नाहीत. तुम्ही काय बोलता ते मला कळतच नाही हल्ली." तो हसला. पण हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की मागच्या कित्येक दिवसांत ती पाठमोरी असताना आपण जे जे बोललो, त्याचं उत्तर आलेलं नाही. तो ते रुसवा समजून चाललेला. त्यानं ती पाठमोरी असताना रंगाचा डबा जमिनीवर आपटून पाहिला. ती भाजी चिरत राहिली.

लेक औषधाच्या दुकानात काम करायची. तिनं ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे आईला नेलं. डॉक्टरांनी तिला एका काचेच्या कपाटासारख्या खोलीत बसवलं, कानावर टोप चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बारकी मन लावून बसली. बराच वेळ झाला तरी आवाज येईना, तेव्हा तिला वाटलं, मशीन बिघडलं. बाहेर पाहिलं तर लेकीचा चेहरा उतरला होता.

डॉक्टरांनी समोर बसून, ओठ दिसतील असं सांगितलं. पडदा शाबूत आहे, पण आतली नस मेली आहे, दोन्हीकडे सारखीच. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की होतं असं. औषध नाही. पण कामामुळे झालेला आजार आहे, त्याची भरपाई मिळते, तुमचा हक्क आहे.

हक्क हा शब्द बारकीनं यापूर्वी कधी आपल्या बाजूनं वापरलेला ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यात आधी थोरलीकडेच गेली. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, कर अर्ज, यांनी तपासणीच्या दिवसाशिवाय कधी कानाला लावायचे टोप दिले का आपल्याला? तपासनीस गेला की टोप पुन्हा कपाटात जात आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात, हे अख्ख्या शेडला ठाऊक होतं. बारकीनं विचारलं, साक्षीदार लागेल म्हणतात. थोरलीनं तिचा हात धरला.

"मी आहे ना," ती म्हणाली. "दुसरं कोण सांगणार?"

अर्ज द्यायला भरपाईच्या कार्यालयात थोरली स्वतः बरोबर आली. तिथल्या कारकुनाला बारकीचं म्हणणं कळेना, बारकीला त्याचं कळेना, कारण तो खाली मान घालून पुटपुटायचा. दोघांच्या मधे उभं राहून, वाकून त्याच्या तोंडाकडे बघत थोरलीनं सगळं निस्तरलं. परतताना दोघींनी टपरीवर चहा घेतला आणि थोरलीनं बारकीला पैसे देऊ दिले नाहीत.

अर्ज गेला आणि आठवड्याभरात बारकीला मशीनवरून काढून खोकी भरायच्या कामावर बसवलं. काम हलकं, पगारही हलका. मॅनेजर म्हणाला, तुमच्याच कानांच्या काळजीपोटी करतोय. ओळीतल्या बायका तिच्याशी पूर्वीसारख्या बोलत, पण मुकादम आसपास नसेल तेव्हाच. थोरलीला मधे एकदा मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं होतं. बारकीनं विचारलं तर ती म्हणाली, रजेचं काहीतरी होतं. खोकी भरायची जागा भिंतीआड, तिथून थोरलीचं मशीन दिसत नसे. त्या दिवसांत दोघींचं बोलणं कमी झालं, त्याचं कारण बारकीला ती भिंतच वाटली.

सुनावणीचा दिवस आला. पेंटरनं धुवट सदरा घातला आणि घरातून निघताना म्हणाला, ऐकू येत नाही म्हणून अर्ज केला तर सुनावणीला बोलावतात, सरकारचं डोकं काही और आहे. बारकी मनापासून हसली. त्या दिवशीचं ते तेवढंच हसणं.

वकील करायची ऐपत नव्हती. लेक बोलणार होती. कार्यालयाच्या बोळात बाकं होती, त्यांवर तिघं बसली. बोळाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी होती आणि तिच्यापाशी थोरली उभी होती. बारकी हात करणार, तेवढ्यात तिला दिसलं की थोरली एकटी नाही. कंपनीचा वकील तिच्यासमोर उभा होता, काखेत फाइल. मधे माणसांची ये-जा होती, बोळ चांगला लांब होता. दुसऱ्या कोणाला तिथलं अवाक्षर ऐकू आलं नसतं. बारकीला थोरलीचे ओठ लख्ख दिसत होते.

"उजवा कान," थोरली म्हणत होती. "लहानपणी वाहायचा. तिनंच सांगितलंय मला."

वकिलाचे ओठ हलले. "तेवढंच सांगा. जास्त नको."

ओठांच्या बोलीत एक अडचण असते. काही अक्षरं दिसायला सारखी. प, ब आणि म यांत डोळ्यांना फरक करता येत नाही, कधी कधी एका शब्दाच्या जागी दुसराच वाचला जातो. बारकीनं त्या बाकावर बसून जिवाच्या आकांतानं दुसरं काहीतरी वाक्य शोधलं, जे तसंच दिसेल आणि ज्याचा अर्थ वेगळा असेल. एकही सापडलं नाही. आणि तिला हे वाचायला शिकवणारी बाईच समोर बोलत होती, इतकं स्वच्छ दुसरं कोणी बोलत नसे.

तिनं लेकीला काही सांगितलं नाही. तिला वाटत होतं, आत गेल्यावर, शपथ घेतल्यावर, माझ्याकडे बघून ती नाही सांगणार.

आत अधिकारीबाई होत्या. चष्मा, समोर कागदांचा ढीग, आवाजात कंटाळा असावा असा चेहरा. कंपनीच्या वकिलानं आधी बारकीलाच प्रश्न विचारले. तो तिच्या अगदी समोर उभा राहिला, ओठ दिसतील असा, आणि नाव, गाव, नवऱ्याचा धंदा, लेकीचं काम असं साधंसुधं विचारत गेला. बारकीनं भराभर उत्तरं दिली, तिला वाटलं, बरं चाललंय. मग तो अधिकारीबाईंकडे वळून काहीतरी म्हणाला आणि लेक तटकन उभी राहिली. तो म्हणाला होता, बाईंना सगळं व्यवस्थित ऐकू येतं, आपण पाहिलंतच. लेकीनं सांगितलं की ती ओठ वाचते, पाठीमागून विचारून बघा. वकील म्हणाला, ज्याला उत्तर द्यायचं नाही तो पाठीमागून विचारल्यावर गप्प बसणारच, आणि ओठ वाचण्याच्या या विद्येबद्दल आपण साक्षीदारालाच विचारू.

थोरली उभी राहिली. तिनं रुमाल काढला आणि नाकातोंडाशी धरला. सर्दी झाली आहे म्हणाली असावी. अधिकारीबाईंनी मान हलवली.

साक्ष सुरू झाली आणि बारकीला रुमालाशिवाय काही दिसेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाईचं बोलणं तिला कळत नव्हतं. तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं तिच्याकडे तोंड वळवलं आणि ऐकू येत होतं तसं एकेक वाक्य ओठांनी सांगत गेली, मधे दोनदा थांबली, डोळे पुसले आणि पुन्हा सांगू लागली. मैत्रीचं नातं आहे म्हणून सांगायला वाईट वाटतं. आम्ही नेहमी साध्या आवाजात बोलतो. ओठांचं वगैरे बायकांची गंमत आहे. शेडमध्ये आवाज आहे पण इतका नाही. कानाचे टोप रोज मिळतात, ज्या लावत नाहीत त्यांची चूक. मी तिच्या आधीपासून तसल्याच मशीनवर आहे, मला सगळं ऐकू येतं. तिचा उजवा कान लहानपणी वाहायचा.

शेवटचं वाक्य सांगून झाल्यावर लेकीनं विचारलं, "आई, हे खरं आहे?" आणि पलीकडे बसलेला पेंटर बायकोकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला हे कसं माहीत नाही, एवढंच होतं. बारकीला त्या खोलीतलं बाकी सगळं पुढे पुसट आठवे, पण नवऱ्याचा तो चेहरा नाही. लपवलेलं होतं ते खरंच होतं. थोरलीनं इतकं खोटं सांगितलं, पण बारकी कशानं हरली असेल तर त्या एका खऱ्या वाक्यानं.

अधिकारीबाईंनी तिला सरकारी इस्पितळात तपासणीला पाठवलं. तिथेही तेच निघालं, दोन्ही नसा सारख्याच मेलेल्या. लेकीनं इस्पितळाच्या डॉक्टरांकडून लिहून आणलं की कान वाहण्याचा आणि नस मरण्याचा संबंध नसतो. पुढच्या तारखांना ती ते पुन्हा पुन्हा सांगत राहिली. निकाल लागला तो असा, की डाव्या कानाचा बहिरेपणा कामामुळे आला हे मान्य, उजव्याबाबत साक्षीमुळे शंका उत्पन्न होते, म्हणून एका कानाची भरपाई मंजूर. पेंटर म्हणाला, म्हणजे शेडमधला आवाज एकाच कानात शिरत होता. या वेळी कोणी हसलं नाही. अपिलाचं बोलणं निघालं तेव्हा बारकीच म्हणाली, पुरे. मला त्या बाईला पुन्हा रुमाल धरलेलं बघायचं नाही.

आलेल्या पैशांतून कानात घालायचं मशीन घेतलं. कारखाना तिनं सोडला.

घरी मात्र एक काम बाकी होतं. तिनं पेंटरला तळ्याची, कानाची, आईनं बजावल्याची गोष्ट सगळी सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, सांगितलं असतंस तरी मी लग्न केलंच असतं. मग थोड्या वेळानं म्हणाला, पण मला नाही, तिला सांगितलंस. पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी नीट वागला, पूर्वीपेक्षाही नीट, आणि तेच तिला बोचत राहिलं.

थोरलीला कारखान्यानं मुकादमीण केलं. ओळीतल्या बायका बारकीच्या घरी येत, त्यांनी सांगितलं. येण्याचं कारण हळूहळू दुसरंच होऊ लागलं. एकीला कानात सतत शिट्टी वाजते, एकीला दारावरची घंटा ऐकू येत नाही. बारकी त्यांना घेऊन भरपाईच्या कार्यालयात जाऊ लागली. पुटपुटणाऱ्या कारकुनाला ती आता हनुवटी वर करून बोलायला लावायची आणि तो निमूट बोलायचा. साक्षीला ती स्वतः उभी राही. अर्ज करायच्या आधी प्रत्येकीला बसवून विचारी, लहानपणी काही झालं होतं का, पडलीस का, ताप आला होता का, सगळं आधी आपणच लिहून द्यायचं आणि घरच्यांना सांगून ठेवायचं. कोणाला मिळालं, कोणाला नाही.

काही वर्षांनी, एका दुपारी दार उघडं होतं आणि थोरली उंबऱ्यात उभी होती. म्हातारी झाली होती. निवृत्त होऊनही दिवस झाले होते. बारकीनं आत ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. थोरली आत येऊन, पाट्या रंगवायला पेंटर ज्या फळीवर बसायचा तिथे बसली.

"बारके, मला आता काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "काहीच नाही. सून ओरडते तेही नाही. सगळ्या म्हणतात, तू साक्षीला उभी राहतेस."

बारकी तिच्याकडे बघत होती. ते ओठ अजून तितकेच स्वच्छ बोलत होते.

थोरली बोलत राहिली. तेव्हाच कमी येत होतं, म्हणाली, तुझ्याहून कमी. मॅनेजरनं बोलावून सांगितलं होतं, हिची केस सिद्ध झाली तर सगळ्यांचे कान तपासू, ज्यांना येत नाही त्यांना काढू, पहिली तू. माझं घर माझ्या एकटीवर होतं. तो कान तर तुझा बराच झाला होता, मला वाटलं, तेवढ्यानं काय होतंय. नंतर किती वेळा या गल्लीपर्यंत आले आणि परत गेले.

"मला आधी सांगायचंस," बारकी म्हणाली. "मी अर्ज मागे घेतला असता."

थोरलीला ते कळलं. तिची मान खाली गेली आणि बारकीला थांबावं लागलं, कारण दोघींपैकी एकीची मान खाली असली की बोलणं होत नसे. ती वर बघेपर्यंत बारकी थांबली.

"आणि तुझा अर्ज टिकायचा नाही," मग ती म्हणाली. "तू शपथेवर सांगितलंयस, मला सगळं ऐकू येतं, आवाज इतका नाही, टोप रोज मिळतात. त्यांच्या फाइलीत आहे ते. पहिल्या तारखेला काढतील."

थोरलीच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसलं. ती थोडा वेळ फळीवरच्या रंगाच्या डागांवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "तू सांगितलंस की मी तेव्हा घाबरून बोलले, तर मानतील. तुझं तिथे ऐकतात."

मानलंही असतं. बारकीला ते माहीत होतं. त्या अधिकारीबाई बदलून गेल्या होत्या, नवीन माणूस समजूतदार होता. एक वाक्य सांगायचं होतं आणि ते खरं होतं.

"नाही," बारकी म्हणाली.

थोरलीनं पुन्हा विचारलं नाही. उठताना तिनं फळीचा आधार घेतला. उंबरा ओलांडला आणि गेली. बारकीनं पाणी विचारलं नव्हतं, हे तिला ती गेल्यावर आठवलं.

संध्याकाळी पेंटरला सांगितलं तर तो म्हणाला, बरं केलंस. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, यात कंपनीच दोनदा जिंकली. दोघांचंही तिला पटलं. रात्री जेवताना तिनं भात दुसऱ्यांदा घेतला आणि तो तसाच राहिला.

थोरलीनं अर्ज केला नाही असं पुढे कानावर आलं. बारकी अजून त्या कार्यालयात जाते. कधी पिंपांवरची बाई बरोबर असते, कधी तार ओढणारा गडी. सगळ्यांसाठी ती शपथ घेते आणि मोठ्यानं, सावकाश बोलते. नवीन अधिकाऱ्यानं एकदा सहज विचारलं, तुम्हाला हे ओठ वाचायला कोणी शिकवलं. तिनं हातातली फाइल मिटली. मग म्हणाली, तिथे सगळ्यांनाच येतं, आणि पुढची फाइल त्यांच्यापुढे सरकवली.